डबा परत आला तर दुकान बंद

दुकानात माझा एक पत्र्याचा ट्रे होता. प्रत्येक गाडीचं काम झालं की एखादा स्क्रू, एखादा वॉशर हातात उरायचा. कुठून उरला ते कळायचं नाही. गाडी तर नीट चालायची! मग तो ट्रेमध्ये टाकायचा. पंधरा वर्षांत ट्रे काठोकाठ भरला. किस्से तसेच उरलेत. त्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या, हे मात्र शिल्लक आहेत. आमचा रशीदभाई म्हणतो, "अण्णा, सांगून टाका. ट्रे लई जड झालाय."

म्हणून सांगतो. मला वाढवून सांगता येत नाही. चौथीपर्यंत शिकलोय. जेवढं झालं तेवढंच.

* * *

नारायणगावात हायवेला माझं दुकान. गाड्यांचं वायरिंग करायचो. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला लोकांना बेसचं वेड लागलं. गाडीबरोबर कंपनीचा टेप येतो. तो बोलतो, पण पोटातून बोलत नाही. त्याला पोट लावायचं काम मी धरलं. मागच्या स्पीकरच्या तारेतून आवाज घ्यायचा, अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा, बॅटरीपासून जाड वायर ओढायची आणि डिकीत वूफरचा डबा ठेवायचा. डबा रशीदभाई करायचा. तो जुन्नरचा, हाडाचा सुतार. त्याच्या डब्याच्या जोडात पोस्टकार्ड जाणार नाही. दुकानात आम्ही दोघं भागीदार.

पहिला माल आणायला पुण्याला गेलो. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "काका, खेड्यात हे चालत नाही. महिन्याभरात गिऱ्हाईक डबा आणून तुमच्या दारात आपटेल."

माल घेतला आणि एसटीत बसलो. राजगुरुनगरपर्यंत राग धरून ठेवला. मंचरला तो डोक्यात गेला. नारायणगावला उतरलो तो थेट पेंटरच्या घरी!

दुसऱ्या दिवशी शटरच्या वरच्या बाजूला बोर्ड लागला. "येथे बसवलेला डबा परत येत नाही. आला तर दुकान बंद."

रशीदभाईनं दोनदा वाचला. मग म्हणाला, "अण्णा, दुकान माझं पण हाय ना?"

मी म्हणालो, "डबा चांगला कर. मग दोघांचं राहील."

त्या दिवसापासून डबा करताना तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. दुवा मागायचा की मला शिव्या द्यायचा, ते मी विचारलं नाही.

* * *

आवाज मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. बाजरी होती. शेजारी पिठाची गिरणी. डब्यावर स्टीलची ताटली ठेवायची, ताटलीत मूठभर बाजरी. दाणे जागच्या जागी नाचले की सेटिंग बरोबर. ताटलीबाहेर उडाले की जास्त. झोपून राहिले की वायर तपासायची. एवढी साधी गोष्ट पुण्याच्या काउंटरवाल्याला माहीत नसेल.

पहिलं गिऱ्हाईक तळेघरचा किसन. घोडेगाव ते तळेघर त्याची वडाप जीप. तिकडे एसटी कमी. गाणं असलेल्या जीपमध्ये माणसं आधी बसतात, असा त्याचा हिशेब. डबा बसला, बाजरी नाचली. किसन खूश. पण जाता जाता म्हणाला, "अण्णा, आमच्या तिकडं बाजरी कुटं पिकती? आमी भात-नाचणीवाली माणसं. घरी टेस घ्यायची तर कशावर घ्यायची?"

मी म्हणालो, "नाचणीवर घे. दाणा दाण्यासारखाच."

आठ दिवसांनी आला. डोळे लाल.

"काय रे?"

"नाचणी लई हलकी निघाली, अण्णा. पयल्याच ठोक्याला समदी डोळ्यात!"

तेव्हापासून नाचणी टेस्टला नापास.

* * *

हाच किसन महिन्याभरानं पुन्हा हजर. जीप दुकानासमोर उभी केली आणि बोर्डाकडे बघत म्हणाला, "अण्णा, डबा बंद पडला."

रशीदभाईच्या हातातली करवत थांबली.

मी तपासलं. फ्यूज चांगला, वायर चांगली. टेप लावला तर डबा घुमला. किसन म्हणाला, "हितं वाजतोय. डिंभ्याच्या पुढं गेलं की गप. रोजचंच."

मी शटर ओढलं आणि त्याच्याबरोबर निघालो. घोडेगावला जीप भरली. सतरा माणसं, दोन कोंबड्या. मी पुढं बसलो. डिंभ्यापर्यंत डबा ठणठणीत. पुढं चढण लागली आणि आवाज बसत बसत पार घशात गेला.

"थांबव," मी म्हणालो.

मागे जाऊन बघितलं. रशीदभाईच्या डब्याला हवा बाहेर यायला एक गोल भोक असतं. त्या भोकात मी हात घातला. एक फडकं बांधलेली भाकर निघाली. मग दुसरी भाकर. एक छत्री. एका लहान मुलाची चप्पल. तंबाखूची पिशवी. आणि तळातून पोस्टाचं एक पत्र, न फोडलेलं. चढणीला धरायला हात मोकळे हवेत म्हणून माणसं एकेक सामान भोकात भरत होती!

मी चढ्या आवाजात विचारलं, "हे कोणी केलं?"

एक म्हातारी पुढे झाली. भाकरीचं फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. "मी क्येलं. आत ऊन ऱ्हाती."

"आजी, हे गाण्याचं यंत्र आहे."

"मग गाणं बंद करा, भाऊ. डबा ऱ्हाऊ द्या. भाकर लई ब्येस ऱ्हाती त्यात!"

सतरा माणसं हसली. किसन स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होता. मी पुढं जाऊन बसलो. डबा परत आलेला नव्हता, एवढं मला पुरेसं होतं.

* * *

साखर कारखान्यातल्या एका इंजिनियर साहेबांची गाडी आली. डबा आम्हीच बसवलेला. रेस दिली की स्पीकरमधून कुईं असा आवाज. जेवढी रेस तेवढी कुईं. साहेबांनी पाऊण तास मला इंग्रजीत समजावलं. कागदावर चित्रं काढली. रशीदभाईनं दोनदा चहा सांगितला. शेवटी साहेब म्हणाले, "हा प्रॉब्लेम तुमच्या आवाक्यातला नाही. डबा काढूनच टाका."

रशीदभाईनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाची घडी करून साहेबांच्या खिशात ठेवली. डिकी उघडली. अर्थिंगची वायर जिथं पत्र्याला आवळली होती, तिथं रंगाचा थर राहिला होता. चूक माझीच. पॉलिश पेपरनं रंग खरवडला, पत्रा उघडा केला, स्क्रू पुन्हा आवळला.

"द्या रेस."

कुईं गायब!

साहेब खाली उतरले. वाकून बघितलं. "पण यामागची थिअरी काय?"

"रंग."

"तुमचं शिक्षण किती झालंय?"

"चौथी."

"चौथीत हे शिकवतात?"

"नाही. स्क्रू आवळायला शिकवतात. बाकीचं पाचवीत असेल."

साहेब त्यानंतर दर दिवाळीला दुकानात यायचे. थिअरी विचारायचे. मी चहा सांगायचो.

* * *

बेल्ह्याचे बाबूराव बैलांचे व्यापारी. सत्तरीचे, पण काठी फक्त बैलांसाठी. त्यांची सासुरवाडी नारायणगाव. त्यामुळे दुकानात पाय ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं, "सासुरवाडीत आलुया. पावण्याला च्या सांगा!"

त्यांच्या टेम्पोत डबा बसवला. बैल मागे, डबा ड्रायव्हरच्या पाठीशी. दर सोमवारी बेल्ह्याचा बाजार. तीन महिने ठीक गेले. मग एक दिवस बाबूराव आले ते चहा न मागताच बसले. मी ओळखलं, भानगड मोठी आहे.

त्यांनी निरगुडसरच्या बाजूला एक खोंड विकला होता. दोन महिने टेम्पोतून बाजार-बाजार फिरलेला. नवा मालक त्याला औताला जुंपतो, तर तो उभाच! चाबूक दाखवा, पेंड दाखवा, उभाच. मालकाच्या पोरांनी शेजारी ट्रॅक्टरवर टेप लावला. खोंड चालू! टेप बंद, खोंड बंद.

"म्हनतोय, बैल परत घ्या न्हाईतर त्यो डबा द्या," बाबूराव म्हणाले. "म्या आजवर इकलेलं जनावर परत घेतलं न्हाई. आन् डबा काढावा तर तुमचं दुकान बंद. आता बोला, अण्णा. तुमची अब्रू का माझी?"

रशीदभाई म्हणाला, "दोघांची ठेवू. लहान डबा करतो."

जुन्या स्पीकरचा लहान डबा झाला. तो, एक कॅसेटचा टेप आणि ट्रॅक्टरची बॅटरी, सगळं घेऊन आम्ही तिघं त्या शेतावर गेलो. बांधावर ठेवून लावलं. खोंड औताच्या तासात असा चालला की मालकाला पळावं लागलं. मी मालकाला सांगितलं, "रोज थोडा थोडा आवाज कमी करत जा. पंधरा दिवसांत सवय सुटेल."

महिन्यानं बाबूरावांना विचारलं, "खोंडाचं काय?"

"त्यो सुदारला. बिनागाण्याचा चालतो."

"मग झालं तर."

"कुटं झालं? आता मालक चालंना! टेप लावल्याबिगर शेतात पाऊल टाकत न्हाई!"

* * *

एक लहानसाच किस्सा. चैत्राच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. गावोगावचे लोक जत्रेसाठी फड ठरवायला येतात. एका फडाचा ढोलकीवाला, वयानं माझ्याएवढा, दुकानासमोर उभा राहिला. मी एका गाडीचं सेटिंग करत होतो. ताटलीत बाजरी झकास नाचत होती. मी जरा ऐटीतच विचारलं, "कसा आहे बेस?"

त्यानं डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "मोठा हाय."

"आणि?"

"मोठाच हाय. गाडीत बसून ऐकलाय का कदी?"

मी म्हणालो, "बाहेरून कळतो."

तो हसला आणि गेला. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण सेटिंग मी बदललं नाही. बाजरी नाचत होती ना!

* * *

रशीदभाईचा एक पराक्रम सांगायलाच हवा. एका व्हॅनवाल्याला मोठा डबा हवा होता. रशीदभाई म्हणाला, माप चुकायला नको, गाडीतच करतो. दोन दिवस तो व्हॅनमध्येच बसून होता. आतच कापलं, आतच चिकटवलं, आतच ठोकलं. डबा असा झाला की भिंतीत भिंत.

व्हॅनवाला म्हणाला, "सुंदर! पण उद्या गाडी विकायची झाली तर काढायचा कसा?"

रशीदभाईनं डबा बघितला, दार बघितलं, पुन्हा डबा बघितला. दार लहान, डबा मोठा. डबा आता कधीच बाहेर येणार नव्हता.

व्हॅनवाला काही बोलायच्या आत रशीदभाई माझ्याकडे वळला. "अण्णा, बोर्डाची पक्की सोय केली!"

* * *

आता शेवटचा. हा सांगायचा नव्हता. पण रशीदभाई सगळीकडे सांगतो आणि चुकीचा सांगतो. म्हणून मीच सांगतो.

माझ्या मंगलचं लग्न झालं. जावई दत्तात्रय, निरगुडसरचे, शाळेत गुरुजी. माणूस सोन्यासारखा. बोलणं कमी. त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतलेली होती, कंपनीच्या टेपची. लग्नात सोन्याची अंगठी सगळेच देतात. मी डबा दिला. बारा इंची. रशीदभाईनं त्याला मखमल लावली. लग्नाच्या मांडवातली सनई-चौघड्याची कॅसेट टेपात घातली, बाजरीवर सेटिंग केलं आणि जावयांना बजावलं, "जावईबापू, हे मी लावलंय. बटणाला हात लावायचा नाही."

ते म्हणाले, "नाही लावणार, मामा."

पुढं जेव्हा भेटलो तेव्हा मी विचारायचो, "डबा कसा आहे?" ते म्हणायचे, "छान आहे, मामा." मी विचारलं ते त्यांनी सांगितलं. दुसरं मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी, दोन हजार चार साली, अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आणि आमच्या घरची रीत अशी की त्या दिवशी जावयानं तोंडानं मागितलेलं द्यायचंच. रशीदभाई घरचाच, तोही पंगतीला होता.

जेवण निम्म्यावर आलं. मंगलची आई तुपाची वाटी घेऊन म्हणाली, "मागा जावईबापू. लाजू नका. काय हवं ते मागा."

"काही नको, मामी."

मंगलनं त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी धोंडा उचलला. तिनं परत ढोसलं.

जावयांनी धोंडा ताटात ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मामा, डबा काढून घ्या."

पंगतीत कोणी घास गिळला नाही. रशीदभाईच्या तोंडात अख्खा धोंडा होता, तो तसाच राहिला.

मी विचारलं, "का?"

मंगल बोलली. "अण्णा, किल्ली फिरवली की सनई-चौघडा सुरू होतो. सगळ्या गल्लीला वाटतं लग्न लागलंय! सुरुवातीला माणसं फेटा बांधून बाहेर यायची. समोरच्या काकूंनी दोनदा अक्षता आणल्या. सासूबाई गाडीत बसत नाहीत. हे दोन वर्षं शाळेत सायकलनं जातात. गाडी गोठ्यात उभी असते. आज डबा काढायचा म्हणूनच आणली."

"अहो मग आवाज कमी करायचा!"

जावई म्हणाले, "तुम्ही बटणाला हात लावू नका म्हणाला होता, मामा."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं, मामा."

"कॅसेट तरी बदलायची!"

"त्याला पण बटण दाबावं लागतं."

रशीदभाईला ठसका लागला. इतका की त्याला पाणी पाजावं लागलं. पाणी पिताना तो हसत होता, त्यामुळे पुन्हा ठसका.

माझ्या जिवात जीव आला होता. मी उठलो. "चला, एवढंच ना! आत्ता आवाज कमी करून देतो. डबा राहू द्या."

मंगलची आई मधे उभी राहिली. हातात तुपाची वाटी तशीच. "त्यांनी काय मागितलं? आवाज कमी करा, असं मागितलं?"

"अगं, पण काम तेवढ्यानं—"

"जावयानं मागितलेलं द्यायचं असतं. दुरुस्त करून द्यायचं नसतं."

तिचं शिक्षण तिसरी.

मी गाडीपाशी गेलो. किल्ली फिरवायच्या आधी आत बसलो, दार लावून घेतलं. ढोलकीवाला आठवला. किल्ली फिरवली.

बाहेर आलो तेव्हा माझे कान वाजत होते. जावई काळजीनं म्हणाले, "मामा, बरं वाटत नाही का?"

मी म्हणालो, "पाना द्या."

माझे आवळलेले चार स्क्रू मीच सोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डबा दुकानात नेऊन ठेवला, शटर खाली ओढलं आणि बाहेरच्या दगडावर बसलो. बोर्ड माझा होता. शब्दही माझा होता.

पहिल्या दिवशी रशीदभाई समोर येऊन बसला. "अण्णा, उघडा."

"बोर्ड वाच."

दुसऱ्या दिवशी किसन आला. रशीदभाईनं त्याला सगळं सांगितलं. तो हसत गेला आणि घोडेगावपर्यंत सगळ्यांना सांगत गेला. तिसऱ्या दिवशी रशीदभाई हसत नव्हता. त्याच्या करवतीवर धूळ बसली होती. म्हणाला, "अण्णा, तुमचा शब्द राहील. पण माझा हात आता दुसरीकडं कुठं चालायचा? मला डबेच येतात."

मी मान खाली घातली. मी उठून एकदा शटरला हात लावला आणि पुन्हा दगडावर बसलो.

दुपारी मंगलची आई आली. घरून चालत. हातात काळ्या ऑइलपेंटची डबी आणि ब्रश. ब्रश तिनं रशीदभाईच्या हातात दिला. "रशीदभाई, मी सांगते ते लिहा. बोर्डाच्या खाली, बारीक अक्षरात."

रशीदभाईनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत आहे.

त्यानं लिहिलं, "जावई सोडून."

मी उठलो आणि शटर वर केलं. रशीदभाई दोन्ही हातांनी करवत पुसत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर गेलो, तर शटरसमोर रांग! सगळ्यात पुढं किसनची जीप.

"काय रे, सकाळी सकाळी?"

किसन बोर्डाकडे बोट दाखवत म्हणाला, "अण्णा, माजी बायकू वारूळवाडीची. म्हंजी हितलीच. गावचा जावई हाय मी."

"डबा परत द्यायचाय?"

"छ्या! भोक मोठं करून द्या. दोन भाकरींचं."

त्याच्या मागं इंजिनियर साहेबांची गाडी. साहेब काच खाली करून म्हणाले, "माझी सासुरवाडी इथून दोन किलोमीटरवर. थिअरीनं मी पण जावई. महिना धोंड्याचा आहे. आज तुम्हाला थिअरी सांगावीच लागेल!"

रशीदभाई शटरला टेकून खाली बसला. पोट धरून.

रांगेच्या शेवटी टेम्पो होता. बाबूराव काठी घेऊन खाली उतरले. स्वच्छ धोतर, डोक्याला नवा फेटा. कोणाकडे न बघता सरळ आत आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि काठी आडवी मांडीवर ठेवली.

"पन्नास वरसं झाली मला या गावचा जावई हून," ते म्हणाले. "धोंडं कुठायत?"